हृद्रोग्यांच्या निराशेचे मापन : मराठीच्या बाजूने एक परीक्षण

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेला रुग्ण मनाने किती खचला आहे हे मोजता आले पाहिजे, ह्या अपेक्षेला आता भक्कम आधार आहे. १९९३ साली रॉबर्ट आंडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील २,८३२ प्रौढांचा बारा वर्षांहून अधिक काळचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. आरंभी हृद्रोग नसलेल्या ह्या व्यक्तींपैकी ज्यांनी निराशा व्यक्त केली होती त्यांच्यात पुढे हृद्रोगाचे प्रमाण अधिक आढळले. १९९६ साली सुझन एव्हरसन प्रभृतींनी पूर्व फिनलंडमधील कुओपिओ परिसरातील २,४२८ मध्यमवयीन पुरुषांविषयी हाच विचार पुढे नेला. तीव्र निराशेचा संबंध पुढे येणाऱ्या झटक्याशी होता. आणि नैराश्याचा आजार, सामाजिक स्थिती व सवयी ह्यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही निराशेचा मृत्यूशी असलेला संबंध पुसला जात नव्हता. पुढे २०१४ साली सुझन डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी खास हृद्रोग्यांसाठी २३ विधानांची एक मापिका सिद्ध केली. तीत आजची निराशा आणि स्वभावगत निराशा अशी दोन अंगे वेगळी मोजली जातात.

ही साधने आज ना उद्या मराठीत येणार, आणि यावीत. प्रश्न ती कशी येणार हा आहे. अशा कामाची रूढ रीत म्हणजे भाषांतर व उलट-भाषांतर. एका द्वैभाषिकाने इंग्रजीतून मराठीत आणावे, दुसऱ्याने मूळ न पाहता परत इंग्रजीत न्यावे, आणि दोन इंग्रजी पाठ जुळले की काम झाले असे समजावे. ह्या रीतीत 'निराशा' हा शब्द बिनधोक जातो व बिनधोक परत येतो, कारण दोन्ही टोकांना विद्यापीठात शिकलेली माणसे बसलेली असतात. जिला तो शब्द ऐकवायचा आहे त्या व्यक्तीच्या कानावरून तो एकदाही गेलेला नसतो.

हा विचार अधांतरी राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांसमोर ठेवणे इष्ट ठरेल. बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील धर्मापुरी हे तसे गाव आहे. कलाभ्यासकांना ते तेथील चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरासाठी परिचित आहे. प्रस्तुत विषयात त्याचे महत्त्व वेगळे. हा ऊसतोड मजुरांचा व कोरडवाहू शेतीचा मुलूख. जवळचे मोठे शासकीय रुग्णालय अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे. राज्याच्या आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होऊ लागल्यापासून 'फुगा', 'स्टेंट', 'ब्लॉकेज', 'पंपिंग' हे शब्द अशा गावांच्या रोजच्या बोलीत स्थिरावले आहेत. असा एखादा साठीचा रुग्ण रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसला आहे आणि कोणी तरी त्याच्यापुढे निराशेची प्रश्नावली धरली आहे, एवढी कल्पना पुढील विवेचनास पुरेशी आहे.

प्रथम साधनाची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. ह्या विषयातील मूळ मापिका ॲरन बेक, आर्लिन वाइसमन, डेव्हिड लेस्टर व लॅरी ट्रेक्सलर ह्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केली. तीत वीस विधाने आहेत. प्रत्येकापुढे 'खरे' किंवा 'खोटे' एवढेच उत्तर. अकरा विधानांना 'खरे' म्हटले आणि नऊ विधानांना 'खोटे' म्हटले की निराशेचा गुण मिळतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या २९४ रुग्णांवर तिची परीक्षा झाली व अंतर्गत सुसंगती उत्तम आढळली. पुढे १९९० साली १,९५८ बाह्यरुग्णांच्या अभ्यासात, आत्महत्या केलेल्या १७ जणांपैकी १६ जणांचे गुण नऊ वा नऊच्या वर होते. एवढे भाकीत करणाऱ्या साधनाला केवळ परके म्हणून नाकारणे हा शहाणपणा नव्हे.

हृद्रोगाच्या अभ्यासकांना निराशेची मापिका विशेष सोयीची वाटावी ह्याला एक सबळ कारण आहे. नैराश्याच्या सर्वसामान्य प्रश्नावल्यांत झोप, भूक, थकवा ह्यांची चौकशी असते. आणि ज्याचे हृदय दुबळे झाले आहे त्याला झोप लागत नाही, अन्न जात नाही, चार पावलांत दम लागतो. त्याच्या ह्या तक्रारी मनाच्या की शरीराच्या हे गुणसंख्येवरून सांगता येत नाही. बेक ह्यांच्या विधानांत मात्र शरीर नाही. ती सारी येणाऱ्या काळाविषयी आहेत. शरीर वगळून मनाचे एकच अंग मोजणे हा त्या साधनाचा खरा गुण आहे.

हाच गुण मराठीत टिकत नाही, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

मराठी माणूस खचतो तेव्हा तो शरीरानेच खचतो. निदान भाषेत तरी. त्याचे अवसान गळते, तो हातपाय गाळतो, हाय खातो, त्याचा धीर सुटतो, छाती दडपते, काळजाचे पाणी होते, जीव खालीवर होतो, जीव कशात लागत नाही. ह्यांतील जवळजवळ प्रत्येक प्रयोग हृद्रोग्याच्या तोंडी दोनदा खरा असतो: एकदा लक्षणेने आणि एकदा अभिधेने. 'जीव घाबरा होतो' असे तो म्हणाला तर डॉक्टरने नाडी पाहावी की मानसशास्त्रज्ञाने विधानापुढे खूण करावी? 'हातापायांतलं वारं गेलं' हे दुबळ्या रक्ताभिसरणाचे वर्णन आहे आणि मनोभंगाचेही आहे. खुद्द 'काळीज' हा शब्द पाहावा. भावनेच्या भाषेत तो हृदयाचा पर्याय, आणि खाटकाच्या दुकानात यकृताचे नाव. म्हणजे भाषांतरकाराने विधाने जिवंत मराठीत उतरवली की मोठ्या प्रयत्नाने बाहेर ठेवलेले शरीर मागच्या दाराने परत आत येते.

ते येऊ द्यायचे नसेल तर ग्रंथभाषेचा आश्रय करावा लागतो, आणि तेथे दुसरी अडचण उभी राहते. 'भवितव्य', 'आशादायक', 'निराशाजनक', 'उद्दिष्टप्राप्ती' हे शब्द शाळेचे आहेत. त्यांना मिळणारा होकार वा नकार शिक्षणाच्या इयत्तेप्रमाणे बदलेल, निराशेप्रमाणे नव्हे. 'आशा' हा शब्द तर आणखीच घोटाळ्याचा. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगावच्या आरोग्य कार्यकर्तीस 'आशा' हे नाव दिले, तेव्हापासून खेड्यात 'आशा आहे का?' ह्या प्रश्नाचे स्वाभाविक उत्तर 'आत्ताच येऊन गेली' असे आहे. निजामी राजवटीत रुळलेला, फारसी मूळाचा 'उमेद' हा शब्द पर्याय म्हणून सुचतो. तो 'आशा' शब्दापेक्षा अधिक घरगुती व अधिक अचूक आहे. 'उमेद खचली' ह्या दोन शब्दांत बेक ह्यांची निम्मी मापिका मावते. पण राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने तोही नाव म्हणून उचलला, आणि आता 'उमेद' म्हणजे बचत गटाची बैठक. शासनाने आपल्या योजनांसाठी भाषेतील दोन्ही चांगले शब्द नेले. मानसशास्त्रज्ञांनी ते थोडे आधी मागायला हवे होते.

शब्दाच्या मूल्याचा प्रश्न ह्याहून खोल आहे. इंग्रजीत आशा हा सद्गुण आहे व तिचा अभाव हा दोष. मराठीच्या संस्कारात तसे सरळ नाही. गीतेच्या तिसऱ्या, चौथ्या व सहाव्या अशा तीन अध्यायांत 'निराशी' हे विशेषण आले आहे, आणि ते खचलेल्या माणसाचे नसून साधलेल्या माणसाचे आहे. त्या गीतेवर मराठीत सातशे वर्षे निरूपण चालत आले. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत 'गीतार्णव' रचला तो ह्याच परिसरात. कीर्तनात वाढलेल्या वृद्धाला 'आता कशाची आशा धरायची?' असे म्हणताना आपण एखाद्या रोगाचे लक्षण सांगत आहोत असे वाटत नाही. बहुधा तो वयाला शोभणारे बोलत असतो. 'पिकलं पान' म्हणवून घेणे, 'आमच्या गोवऱ्या मसणात गेल्या' असे हसत सांगणे, ही वार्धक्याची सभ्यता आहे. विधानांच्या कागदावर तिला गुण मिळतील, आणि ते चुकीचे असतील.

येथवर चूक एकाच दिशेची दिसते: मापिका निराशा फुगवून दाखवील. परंतु उलट चूक अधिक घातक आहे. अशुभ उच्चारू नये हा ज्या भाषेचा रोजचा नियम आहे तिच्यात अशुभ विधानाला 'खरे' म्हणवून घेणे सोपे नाही. मराठी घरात निघणारा 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणत नाही. बांगडी फुटली तर ती 'वाढवली' असे म्हणतात. तिन्हीसांजेला घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असे मुलांना सांगतात. अशा घरातील स्त्रीला, जिच्या स्वतःच्या छातीत कळा येतात किंवा जिच्या नवऱ्याच्या हृदयात नुकताच स्टेंट बसला आहे, पुढे सारा अंधार दिसतो हे वाक्य ऐकवून 'खरे की खोटे' विचारले तर ती काय म्हणेल? ती 'असं कसं म्हणावं' म्हणेल, आणि प्रश्नकर्ता 'खोटे' लिहील. तिचे गुण शून्याकडे झुकतील. तिने गोळ्या बंद केल्या आहेत, धाकट्या जावेला कपाटाची किल्ली देऊन टाकली आहे, हे त्या कागदावर कोठेही येणार नाही. जिच्यासाठी मापिका आणायची, तीच नेमकी तिच्यातून निसटते.

'खरे' आणि 'खोटे' ह्या उत्तरांचीही थोडी तपासणी हवी. मराठीत निराशेचा सर्वांत प्रचलित उद्गार 'काही खरं नाही' हाच आहे. ज्याचे उत्तर 'काही खरं नाही' असे असते त्याच्यापुढे 'खरे' व 'खोटे' अशा दोन चौकटी ठेवाव्यात, हा योगायोग विनोदी असला तरी त्याचा परिणाम गंभीर होऊ शकतो. त्यात नकारार्थी विधानांची भर. आपले काही चांगले होईल असे वाटत नाही, अशा अर्थाचे वाक्य वाचून दाखवले आणि श्रोता 'नाही' म्हणाला, तर त्याने विधान मान्य केले की फेटाळले? मराठीत दोन्ही शक्य आहे. 'जेवला नाहीस?' ह्या प्रश्नाला 'नाही' हे होकाराचे उत्तर असते. लेखी परीक्षेत हा गोंधळ कमी होईल. पण ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी विधाने वाचूनच दाखवावी लागणार.

भविष्यकाळाच्या रूपांचा विचार ह्या क्षेत्रात कोणी केलेला दिसत नाही, वास्तविक सारी मापिका भविष्यकाळावर उभी आहे. मराठीत 'बरा होईन' आणि 'बरा होणार' ह्यांत अंतर आहे: पहिल्यात अंदाज आहे, दुसऱ्यात निश्चय किंवा अटळपणा. इंग्रजीतील एकाच सहाय्यक क्रियापदासाठी भाषांतरकार ह्यांपैकी कोणतेही रूप घेईल, आणि निवडलेल्या रूपाप्रमाणे 'खरे' म्हणणाऱ्यांची संख्या बदलेल. शिवाय 'मी बरा होईन' हे प्रथमपुरुषी वाक्यच बोलीत विरळा. लोक 'बरं वाटंल' म्हणतात, म्हणजे कर्तृत्व स्वतःकडे घेत नाहीत. अंबाजोगाई, परळी, लातूर ह्या पट्ट्याच्या बोलीत 'लागणे' ह्या सहाय्यक क्रियापदाचा मुख्य धातूशी संयोग होऊन 'करूलालाय', 'येऊलालंय' अशी रूपे झाली आहेत. 'पुढं बरं वाटंल का?' ह्या प्रश्नाला तेथील रुग्ण 'वाटूलालंय की' असे उत्तर देऊ शकतो. प्रश्न उद्याचा होता, उत्तर आजच्या चालू क्रियेचे आहे. हे उत्तर टाळाटाळीचे समजण्याचे कारण नाही. सुरू झालेल्या गोष्टीवर भरवसा ठेवायचा, न झालेल्या गोष्टीविषयी बोलायचे नाही, असा तो कल आहे. आणि त्यात उमेद आहे की नाही हे ठरवायला 'होईल' चे रूप उपयोगी पडत नाही.

एक विधान दहा वर्षांनंतरच्या आयुष्याची कल्पना करता येण्याविषयी आहे. ऊसतोड मजुराचे वर्ष उचलीपासून उचलीपर्यंत असते. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन जोडी कारखान्याच्या वाटेला लागते, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. त्याला दहा वर्षांपुढचे चित्र दिसत नाही ह्यात आजाराचा काही भाग असेल, पण तो दारिद्र्याच्या भागातून वेगळा कसा काढणार? तसेच येणारा काळ अनिश्चित वाटतो ह्या अर्थाचे विधान. कोरडवाहू शेतकऱ्याला पाऊस अनिश्चित वाटला नाही तर काळजी करावी. आणि झटक्यानंतरही ज्याने पुढच्या हंगामाची उचल घेतली आहे तो आशावादी आहे की केवळ कर्जात आहे, हे वीसपैकी एकही विधान विचारत नाही.

रुग्णाला त्याचा आजार ज्या शब्दांत सांगितला जातो ते शब्दही गुणसंख्येत उतरतात. इंग्रजी वैद्यकात 'हार्ट फेल्युअर' म्हणजे हृदयाची पंपासारखी क्रिया अपुरी पडणे. ह्या निदानानंतर औषधोपचाराने रुग्ण वर्षानुवर्षे जगतात. मराठी बोलीत 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. निदानाचा कागद ऐकतानाच रुग्ण आपल्या मृत्यूची वार्ता ऐकतो. 'पंपिंग तीस टक्के आहे' ह्या वाक्याचेही तसेच. निरोगी हृदय एका ठोक्याला आपल्यातील साधारण ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर फेकते, शंभर टक्के कधीच नाही. ही गोष्ट न सांगता तीसचा आकडा सांगितला तर, ज्या राज्यात दहावीला पस्तीस गुणांनी उत्तीर्ण होतात, तेथे रुग्णाने त्याचा अर्थ नापास असा केला तर त्याचा दोष नाही. अशा रुग्णाची निराशा मापिकेत भरपूर उमटेल. पण ती एका वाक्याने आलेली आहे, आणि कदाचित दुसऱ्या वाक्याने जाईल. तिला स्वभावात मोजणे अन्यायाचे होईल.

ह्या सर्वांवर एक आक्षेप घेता येईल आणि तो वजनदार आहे. कुओपिओचे पुरुष फिनिश बोलत होते. त्यांना निराशेविषयी केवळ दोन विधाने दिली होती. आंडा ह्यांच्या पाहणीत तर एकच प्रश्न होता, आणि त्यात दुःख, खच्चीकरण, निराशा, अडचणी हे सारे एकत्र बांधलेले होते. एवढ्या ओबडधोबड साधनानेही मृत्यूचे व आजाराचे भाकीत झाले. मग शब्दांच्या छटांचा एवढा कीस कशाला? उत्तर असे की तेथे विचारणारा व उत्तर देणारा एकाच साक्षर भाषिक समाजातील होते. छापील विधानाला खूण करण्याची सवय दोघांनाही होती. ओबडधोबड साधन चालते ते त्या सवयीच्या बळावर. भाकीत मराठीतही होईल, पण ते मराठी रुग्णांचा पाठपुरावा करून सिद्ध करावे लागेल. उलट-भाषांतराच्या दाखल्याने ते सिद्ध होत नाही, आणि नऊ ही सीमारेषा तर मुळीच आयात करता येत नाही.

बेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरलेली पद्धती त्यांच्या विधानांहून अधिक अनुकरणीय आहे. वीसपैकी नऊ विधाने त्यांनी भविष्याविषयीच्या वृत्तीच्या एका पूर्वीच्या कसोटीतून घेतली. उरलेली अकरा मात्र, वैद्यांना जे रुग्ण निराश वाटत होते त्यांच्याच बोलण्यातून उचलली. म्हणजे मापिकेचा अर्ध्याहून अधिक भाग रुग्णांच्या तोंडचा आहे. आपण ते अमेरिकन रुग्णांचे उद्गार भाषांतरित करतो आणि ते गोळा करण्याची रीत मात्र सोडून देतो. मराठी मापिका करायची तर अंबाजोगाईच्या, लातूरच्या, बीडच्या रुग्णालयांतील हृद्रोग्यांचे बोलणे प्रथम जसेच्या तसे टिपले पाहिजे, बोलीच्या रूपांसह. त्यातून 'शरीराचे' व 'मनाचे' वेगळे करण्याचे काम एकट्या भाषाशास्त्रज्ञाचे नाही. त्याला हृद्रोगतज्ज्ञ शेजारी हवा, म्हणजे 'दम कोंडतो' हे वाक्य कोणत्या रुग्णाचे व कोणत्या तपासणीच्या दिवशीचे आहे हे कळेल. २०१५ साली राज्य शासनाने मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला आणि आशा कार्यकर्त्या शेतकरी कुटुंबांच्या मनःस्थितीची चौकशी करण्यासाठी घरोघर गेल्या. त्या चौकशीत मिळालेली उत्तरे रकान्यांत गेली. त्यांचे शब्द कोणी टिपले असते तर आज ह्या कामाचा पाया तयार असता.

मराठीकडे अडचणीच आहेत असे मात्र नाही. आजची निराशा व स्वभावगत निराशा वेगळी करण्यासाठी डन ह्यांच्यासारख्या साधनाला 'आत्ता' आणि 'सर्वसाधारणपणे' असे शब्द जोडावे लागतात, कारण इंग्रजीत दोन्हींना अस्तिवाचक क्रियापद एकच. मराठीचे व्याकरण हा भेद स्वतःच करते. 'माझं मन लागत नाही' आणि 'माझं मन लागत नसतं', 'मी खचलेला आहे' आणि 'मी खचलेला असतो' ह्यांतील अंतर निरक्षर बोलणाराही चुकत नाही. 'आहे' आणि 'असतो' ह्या जोडीवर मापिकेची दोन अंगे उभी करता येतील, आणि ती मूळ साधनापेक्षा नेटकी होतील. विधानांत 'होईल' च्या रूपाऐवजी हाती घेतलेल्या कामांची चौकशी घालता येईल: बियाणे ठेवले का, नातीचे स्थळ पाहायला गेलात का, गोळ्या संपल्यावर पुन्हा आणल्या का. अशा प्रश्नांना अशुभाचा विटाळ नाही व ग्रंथभाषेची गरज नाही. त्यांत पैशाचा प्रश्न मिसळतो हे खरे. त्यामुळे प्रत्येक कामाबरोबर ते का केले वा का सोडले हे रुग्णाच्याच शब्दांत विचारावे लागेल, आणि तेवढा वेळ बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत मिळणार नाही.

तेव्हा संकलन घरी जाऊन करणे बरे. तेथे आणखी एक गोष्ट आढळेल: रुग्णाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा बायको किंवा मुलगा देतो, आणि रुग्ण त्याला मान हलवतो. ते उत्तर बाद न करता कोणी दिले ह्या नोंदीसह ठेवावे. संकलनाच्या दोन फेऱ्या असाव्यात, एक दसऱ्याआधी व एक पाडव्यानंतर; कारण उचल घेण्यापूर्वीचे आणि उसाच्या फडावरून परतल्यानंतरचे बोलणे एकाच रुग्णाचे असले तरी एकाच मापाचे असेल असे आधीच धरून चालता येत नाही.